दिवा कुणाचं ऐकतो?

नंदुरबारच्या बाजारात दिवा विकत घेणे ही एके काळी अर्ध्या मिनिटाची गोष्ट होती. दुकानाच्या पायरीवर उभे राहून ‘साठचा एक द्या’ म्हटले की दुकानदार पुठ्ठ्याच्या खोक्यातून बल्ब काढी, काउंटरवरच्या होल्डरमध्ये पेटवून दाखवी आणि पुन्हा खोक्यात घालून हातात देई. कंपनी कोणती, हे कुणी विचारले तर विचारले. पण ‘हा आमच्या घरच्या होल्डरमध्ये बसेल ना?’ असे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. तो बसणारच होता. मुंबईत बसत होता तसाच धडगावात बसत होता, आणि स्टुलावर चढता येणाऱ्या कुणालाही तो लावता येत होता.

आता त्याच बाजारात मोबाइलवरून चालणारे, रंग बदलणारे, हाक मारली की लागणारे ‘स्मार्ट’ दिवे आले आहेत. शहाद्यात मिळतात, नवापुरात मिळतात, आणि जे दुकानात नसतील ते घरबसल्या मागवता येतात. फरक एवढाच की आता प्रश्न गिऱ्हाइकालाच विचारले जातात. घरात वाय-फाय आहे का? राउटर कोणता? मोबाइल अँड्रॉइड की आयफोन? बोलून चालवायचा असेल तर स्पीकर कोणत्या कंपनीचा? आधी घेतलेले दिवे कोणते? बोर्डात न्यूट्रल आली आहे का? सोयरीक जमवताना पत्रिका जुळवतात, तशी दिव्याची पत्रिका जुळवावी लागते. त्यातही छत्तीस गुण जुळले म्हणून आणलेला दिवा चार महिन्यांनी घरात नांदेलच, याची खात्री कुणी देत नाही.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. नव्या यंत्राला नावे ठेवणे माझ्या धंद्याला शोभणारे नाही, आणि तसा माझा विचारही नाही. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही त्याला आवाजाने दिवा लावता येणे, ही फार मोठी सोय आहे. पण ही सोय घरात आणताना आपण काय देऊन बसतो, हे रविवारच्या निवांतपणी एकदा तपासून पाहावे असे मला वाटते. प्रश्न साधाच आहे. घरातला दिवा शेवटी कुणाचे ऐकतो?

टोपी आणि होल्डर

आपल्याला ज्या गोष्टीचा विचारही करावा लागत नाही, तिच्यामागे बहुधा कुणीतरी पुष्कळ भांडून, पुष्कळ विचार करून ठेवलेला असतो. बल्बच्या टोपीची कथा तशीच आहे.

१८८० नंतर विजेचे दिवे अमेरिकेत पसरू लागले, तेव्हा बड्या कंपन्यांच्या टोप्या निरनिराळ्या होत्या. एडिसनची आट्याची, थॉमसन-ह्यूस्टन कंपनीची दुसरी, वेस्टिंगहाउसची तिसरी. एकीचा दिवा दुसरीच्या होल्डरमध्ये लावायचा तर मध्ये जोडतुकडा घालावा लागे. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, हे आपल्याला ठाऊक असते. त्या प्रदर्शनाच्या रोषणाईची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. कंत्राट वेस्टिंगहाउसला मिळाले होते. पण एडिसनच्या पेटंटमुळे त्यांना तसा एकसंध काचेचा दिवा वापरता येईना. शेवटी त्यांनी बाटलीला बूच बसवावे तसा दोन तुकड्यांचा दिवा तयार केला आणि वेळ निभावली. कंपन्यांच्या भांडणात दिव्याचे हाल होण्याची परंपरा अशी जुनी आहे.

हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आले की असे चालायचे नाही. मापे, टोप्या, दाब यांवर एकमत होऊ लागले. १९०६ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग स्थापन झाला आणि लॉर्ड केल्विन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अमेरिकेत आट्याची टोपी रुळली, ब्रिटनमध्ये दोन पिनांची. ब्रिटिशांच्या मागोमाग वीज आपल्याकडे आली, म्हणून आपल्या घरात पिनचा होल्डर आला. बावीस मिलिमीटर व्यासाची ती टोपी, दाबून जरा फिरवली की बसणारी. ट्यूबलाइट आली तेव्हाही तेच झाले. कोणत्याही कंपनीचा स्टार्टर कोणत्याही पट्टीत बसे, आणि ट्यूब लुकलुकू लागली की शेजारच्या खोलीतला स्टार्टर काढून लावून पाहणे हा घरोघरचा प्रयोग होता.

या एकमताचे मोल किती, हे आपण आपल्याच डोळ्यांनी पाहिले आहे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत तिच्यातून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. दिव्याच्या पोटातले सगळे शास्त्र बदलले होते. तापलेल्या तारेच्या जागी अर्धवाहकाचा कण आला होता. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, तिच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. पण टोपी तीच राहिली. म्हणून एकाही घराला नवी वायर ओढावी लागली नाही, एकाही आजीला नवे काही शिकावे लागले नाही. आतले सारे बदलू द्यावे, पण जिथे माणसाचा हात लागतो ती जागा तशीच ठेवावी, हे त्या पिनच्या टोपीचे शहाणपण आहे.

‘हे बटण बंद करू नये’

स्मार्ट दिव्याची टोपीही तीच पिनची आहे. तो होल्डरमध्ये बसतो. घरात बसतो की नाही, हा पुढचा प्रश्न.

आमचे घर शहाद्याला. पुढचा भाग नवा, मागच्या दोन खोल्या वडिलांच्या वेळच्या, मातीच्या जाड भिंतींच्या. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्याला असतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आले तेव्हा त्यांनी हौसेने पाच स्मार्ट दिवे आणले. त्यातले तीन एका कंपनीचे, एक दुसरीचा, एक तिसरीचा. कारण ज्यावर जशी सूट मिळाली तसे ते घेतले होते. पाच दिव्यांसाठी मोबाइलवर तीन ॲप आली. प्रत्येक ॲपला वेगळे खाते, वेगळा पासवर्ड. मागच्या खोलीत भिंतीच्या जाडीमुळे वाय-फाय जेमतेम पोचे, म्हणून तिथला दिवा कधी सापडे, कधी हरवे. डोक्यावर लटकत असलेला दिवा ‘सापडत नाही’ म्हणून मोबाइल सांगतो, हे आमच्या आईला कोडे पडले होते.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचे, हा तिचा साठ वर्षांचा नेम. स्मार्ट दिव्याला मात्र चोवीस तास वीज लागते. भिंतीवरचे बटण बंद केले की तो बहिरा होतो आणि मग मोबाइलवरून काही केल्या लागत नाही. चिरंजीवांनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिले, ‘हे बटण बंद करू नये’. आईने चष्मा लावून ते वाचले, चिकटपट्टी सोलून काढली आणि बटण बंद केले. नातवाला म्हणाली, ‘बिल वाढस ना रे भाऊ.’ तिचे काय चुकले?

दिवाळी झाली, चिरंजीव पुण्याला गेले. दिवे त्यांच्या खात्यावर, खाते त्यांच्या मोबाइलवर. आमच्या मोबाइलवर एक ॲप चाले, दोन चालत नसत. एके रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली आणि तीनला आली. आली ती पाचही दिवे पूर्ण तेजाने पेटवूनच. कारण असे पुष्कळ दिवे वीज परत आली की आपणहून लागतात, मग आधी ते बंद असोत वा मंद. आई उजाडले समजून उठली आणि चुलीकडे निघाली. तेव्हा आम्ही हसलो.

महिन्याभराने मात्र हसण्यासारखे काही नव्हते. संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवरून मागच्या खोलीतला दिवा बंद केला होता. भिंतीवरचे बटण खालीच, म्हणजे चालू. रात्री आई मोरीकडे जायला उठली. अंधारात बटण चाचपले तर ते आधीच खाली. बटण खाली म्हणजे दिवा लागलेला, हे तिचे ज्ञान. दिवा तर लागलेला नाही. म्हणजे फ्यूज गेला असणार. बटण एकदा वर करून पुन्हा खाली केले असते तर तो लागला असता. पण हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि रात्री दोन वाजता ते सुचावे तरी का? भिंतीला हात लावत ती निघाली आणि उंबऱ्याला ठेचकाळली. अंगठ्याच्या नखावर निभावले. याच वयात, अशाच उंबऱ्यावर पडून खुबा मोडलेली आणि मग अंथरुणाला खिळलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत, म्हणून निभावले असे म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावायला बसलो. दिव्याच्या कंपनीने सांगितले, दोष राउटरचा आहे. इंटरनेटवाल्याने सांगितले, राउटर उत्तम आहे, दिव्याचे ॲप तपासा. ॲपने सांगितले, पुन्हा प्रयत्न करा. आमचा नेहमीचा वायरमन येऊन बोर्ड बघून गेला. तो म्हणाला, ‘सर, फेज आहे, न्यूट्रल आहे, होल्डर चांगला आहे. माझं काम इथंच संपतं. मोबाइलमधलं तुमचं तुम्ही बघा.’ तोही खोटे बोलत नव्हता. जुना दिवा बिघडला तर दोष कुठे आहे ते तासाभरात सापडे. इथे प्रत्येकाचा माल चांगला होता, आणि तरीही अंधार होता. दोष दोन वस्तूंच्या मधल्या जागेत होता, आणि त्या जागेला मालक नव्हता.

दिव्यांच्या बोली

हे असे का होते, ते समजून घेणे अवघड नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात सकाळी उभे राहिले तर अहिराणी, भिली, पावरी, गुजरी, गुजराती आणि मराठी एकाच वेळी कानावर पडतात. तरी सौदे होतात, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची थोडी तरी बोली येते. स्मार्ट दिव्यांचे तसे नाही. त्यांच्यातही बोली अनेक आहेत, पण बहुतेकांना आपली एकच येते.

काही दिवे वाय-फायवर बोलतात. त्यातही बहुसंख्य २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरच बोलतात. ५ गिगाहर्ट्झ त्यांना ऐकूच येत नाही. आजकालचा राउटर दोन्ही लहरी एकाच नावाखाली सोडतो, मोबाइल ५ वर बसलेला असतो, आणि दिवा जोडताना दोघांची गाठ पडता पडत नाही. ‘जोडला जात नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी एवढेच कारण असते. काही दिवे झिगबी नावाच्या बोलीत बोलतात. त्यांना मध्ये एक दुभाषा डबा लागतो, त्याला हब म्हणतात. काही ब्लूटूथवर बोलतात. ते खोलीपुरतेच ऐकतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यातले पुष्कळ दिवे आपले ऐकतच नाहीत. ते कंपनीचे ऐकतात. शहाद्याच्या घरात मी मोबाइलवर बोट टेकवतो, तो निरोप इंटरनेटवरून दूर कुठल्या तरी शहरातल्या कंपनीच्या संगणकाकडे जातो, आणि तिथून परत येऊन माझ्या डोक्यावर सहा फुटांवर असलेल्या दिव्याला लागण्याची परवानगी देतो. इंटरनेट तुटले की निरोप अडतो. आणि कंपनीनेच तो संगणक बंद केला तर?

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब तीनशे डॉलरला विकला जात असे. ती कंपनी गूगलच्या घरातल्या नेस्टने २०१४ साली विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरातले चालते डबे एका दिवसात निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे संगणक काही न सांगता बंद पडले आणि हजारो घरांतली व्यवस्था कोलमडली. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी पुढाकार घेऊन ती कंपनी विकत घेतली, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०१५ मध्ये फिलिप्सने आपल्या ‘ह्यू’ दिव्यांच्या हबमध्ये असा बदल केला की इतर कंपन्यांचे, तोवर चालणारे कितीतरी दिवे त्याला नव्याने जोडता येईनात. लोक इतके संतापले की काही दिवसांतच कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. आणि २०१९ साली जनरल इलेक्ट्रिकच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्मार्ट दिव्याची एक चित्रफीत जगभर चेष्टेचा विषय झाली. दिवा पूर्ववत करायचा तर तो ८ सेकंद चालू, २ सेकंद बंद, असे पाच वेळा करायचे. नाही जमले तर दिवा जुन्या आवृत्तीचा, मग सेकंदांचे कोष्टक वेगळे! एडिसनच्या मूळ कंपनीतून निघालेल्या कंपनीचे नाव लावणारा हा दिवा. एडिसनने स्वतः मोजली असती का सेकंदे?

बोर्डाच्या आतली गोष्ट

सगळा दोष इंटरनेटच्या माथी मारूनही चालणार नाही. काही कुरबुरी बोर्डाच्या आतल्याच असतात.

पूर्वी हौसेने बसवलेले उजेड कमी-जास्त करायचे डिमर तारेच्या बल्बसाठी केलेले होते. ते विजेच्या लहरीचा तुकडा कापून टाकतात. बल्बची तार तापलेली असल्यामुळे तिला ते कळतही नाही. उजेड फक्त मंद होतो. एलईडीच्या पोटात मात्र विजेचे रूप बदलणारे छोटे सर्किट असते. कापलेली लहर त्याला मानवत नाही, आणि दिवा थरथरतो किंवा गुणगुणतो. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवरही काही दिवे असेच गुणगुणतात, कारण त्याची लहर गोलाईची नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. इन्व्हर्टरवर आणखी एक गंमत होते. वायरिंग करताना दिवे इन्व्हर्टरवर घेतलेले असतात, राउटरचा प्लग मात्र साध्या लाइनवर राहतो. लाइट गेली की दिवा जिवंत आणि राउटर मेलेला!

बंद केलेला एलईडी रात्री काजव्यासारखा मंद जळत राहतो, त्याला घाबरणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यात भुताटकी काही नाही. बटणातल्या लाल खुणेच्या दिव्यामधून किंवा न्यूट्रलशिवाय चालणाऱ्या स्मार्ट बटणामधून अगदी किंचित वीज झिरपत राहते. तारेच्या बल्बला ती पुरत नसे, एलईडीला पुरते. जिन्याच्या टू-वे बटणाचे दुखणे वेगळे. वरून लावा, खालून बंद करा अशी ती जुनी, सुंदर युक्ती; पण जिन्याच्या बोर्डात पुष्कळदा न्यूट्रल आणलेलीच नसते, आणि बरीचशी स्मार्ट बटणे तिच्यावाचून चालत नाहीत.

परदेशातून आणलेल्या वस्तूंची तऱ्हा तर विचारूच नका. अमेरिकेतला भाचा प्रेमाने दिवे आणतो. त्यांची टोपी आट्याची, म्हणून आपण जोडतुकडा आणतो. तो बसतो, आणि मग कळते की दिवा १२० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टवर त्याचे आयुष्य एका क्षणाचे. तिकडची बटणेही आपल्या बोर्डाच्या पेटीत मावत नाहीत. प्रेम खरे, माप खोटे.

सातपुड्यातला हिशेब

हे सगळे शहादा-नंदुरबारच्या पक्क्या घरांपुरते, सातपुड्यात याचे काय, असे कुणी म्हणेल. पण जुळण्याचा प्रश्न तिथे अधिकच गंभीर आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत, जिथे तारा पोचणे कठीण अशा दुर्गम घरांसाठी सौर संचाची तरतूद होती. त्यात पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग, सारे एकदिश विजेवर चालणारे. बाजारात १२ व्होल्टचे सौर दिवेही पिनच्या त्याच टोपीत मिळतात. सौर संचाचा दिवा तारेच्या विजेच्या होल्डरमध्ये लावला तर जळतो, आणि साधा दिवा सौर संचावर लावला तर लागतच नाही. टोपी एक आणि पोट वेगळे, हा जुळण्याचा सगळ्यात फसवा प्रकार. पाड्यावरून तालुक्याच्या बाजाराला येऊन घेतलेला दिवा परत गेल्यावर चालला नाही, तर बदलून आणायला पुन्हा एक दिवस आणि एक मजुरी जाते.

आणि तरीही दिव्यांविषयीचा मोठा धडा याच डोंगरातून मिळाला आहे. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. गावकऱ्यांनी श्रमदान केले, केरळमधल्या दोन तरुण अभियंत्यांनी तंत्र दिले, बाहेरच्या संस्थांनी हात लावला, आणि जानेवारी २००३ मध्ये तिथे वीज आली. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटात गाव स्वतः वीज निर्माण करतो त्या प्रसंगामागे हीच प्रेरणा सांगितली जाते. सुमारे तीनशे घरे आणि १५ किलोवॅट, म्हणजे घरटी सरासरी ५० वॅट. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही करता येतो. पण तो पाळायचा तर साऱ्या गावाचे एकमत लागते. एकाने हौसेने मोठा दिवा लावला तर दुसऱ्याचा मंद होणार. तिथे दिवे जुळले, कारण माणसे जुळली होती. २००६ च्या पावसाळ्यात नर्मदेच्या फुगवट्यात हा प्रकल्प बुडाला, ती वेगळी आणि दुःखाची कथा आहे. पण जोवर तो होता, तोवर दिवा कुणाचे ऐकतो या प्रश्नाचे उत्तर बिलगावात स्वच्छ होते. तो बिलगावचे ऐकत होता.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

टोपीचे झाले तसे एकमत स्मार्ट दिव्यांचे होईल का? प्रयत्न सुरू आहेत. ॲमेझॉन, ॲपल, गूगल, सॅमसंग यांसारख्या एकमेकांच्या पक्क्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ‘मॅटर’ नावाची एक सामाईक बोली ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. त्या खुणेचा दिवा कोणत्याही कंपनीच्या व्यवस्थेत चालावा, आणि घरातल्या घरात, इंटरनेट नसतानाही चालावा, असा तिचा हेतू आहे. हेतू चांगला आहे. मात्र मोठ्या कंपन्या एकत्र आल्या की ग्राहकाचे भलेच होते असे समजून झोपू नये. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या बड्या बल्ब-कंपन्या एकत्र आल्या, त्या बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवण्यासाठी. एकमत कशासाठी होते आहे, हे गिऱ्हाइकाने बघितले पाहिजे.

तोवर आपण काय करावे? दुकानात पैसे मोजण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. इंटरनेट बंद असताना हा दिवा लागतो का? लाइट जाऊन परत आली की तो आधी होता तसाच राहतो, की आपणहून पेटतो? घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर तो चालेल, की एकाच्याच खात्याला बांधलेला राहील? त्यावर मॅटरची खूण आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, भिंतीवरचे बटण कुणीही, कधीही दाबले तर तो मुकाट्याने ऐकतो का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर बाकीची चार उत्तरे ऐकण्यात वेळ घालवू नये.

बऱ्याच घरांना स्मार्ट दिव्यापेक्षा स्मार्ट बटण सोयीचे पडते. ते बोर्डाच्या आत बसते, बाहेरचे बटण तसेच राहते, आणि होल्डरमध्ये कुठलाही साधा दिवा चालतो. मोबाइलने लावा, आवाजाने लावा, नाहीतर बोटाने. फक्त बोर्डात न्यूट्रल आहे ना, हे वायरमनकडून आधी पाहून घ्यावे, आणि नवे घर बांधत असाल तर प्रत्येक बोर्डात, जिन्यातसुद्धा, न्यूट्रल ओढून घ्यावी. आज वायरीचे चार पैसे जातील, उद्या भिंत फोडावी लागणार नाही. वृद्ध माणसाच्या खोलीत तर याहून साधा उपाय आहे. हालचाल दिसली की लागणारा छोटा प्लगचा दिवा. त्याला ना ॲप लागते ना खाते. आमच्या मागच्या खोलीत आता तोच आहे, आणि वर ९ वॅटचा साधा एलईडी.

वीज नव्हती तेव्हा तिन्हीसांजेला दिवा लावण्याचा मान घरातल्या बाईचा होता. वीज आली आणि तो मान ज्याचा हात बटणाला पोचेल त्या प्रत्येकाचा झाला. टाचा उंचावून बटण दाबणाऱ्या पोराचा, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याचा, कामाला येणाऱ्या बाईचा, भिंत धरून चालणाऱ्या म्हातारीचा. कुणाला पासवर्ड विचारला जात नव्हता. गेल्या शंभर वर्षांत विजेने घराला जे दिले, त्यात उजेडाइतकीच ही समताही मोलाची आहे. नवा दिवा रंग कितीही दाखवो, घरातल्या एकाच माणसाचे ऐकणार असेल आणि बाकीच्यांना अंधारात ठेवणार असेल, तर तो कितीही हुशार असला तरी अजून घरात राहायला शिकलेला नाही, असेच म्हणावे लागेल.